दहा सेकंदांचा नमस्कार

हो, हातोडा मीच मारला! कबूल! एक नाही, सात मारले, आठवा मारणार तेवढ्यात दोघांनी मागून कमरेला मिठी मारली म्हणून वाचला तो कॉम्प्युटर... म्हणजे वाचला कुठला, उरला! पण का मारला ते विचारा की! दहा सेकंद, राव! सगळं त्या दहा सेकंदांनी केलं!

तुम्हाला सांगतो, चाकणला आमची छोटी कंपनी, गाड्यांचे ब्रॅकेट बनवतो, मी ज्योतीराम, पॅकिंगला, अकरा वर्षं कंत्राटावर. खोक्यावर लेबल लागतं, लेबल कॉम्प्युटरातून निघतं, आणि लेबल नसेल तर पुढच्या कंपनीचा वॉचमन खोकं आत घेत नाही, देव आला तरी! चाललं होतं की छान! पण आमचे मालक उद्धवराव, त्यांचा भाचा मिहिर, हिंजवडीला आयटीत, एका रविवारी आला आणि मला म्हणतो कसा, "काका, व्हायरस फार येतात हो, विंडोजशेजारी लिनक्स टाकून देतो!" शेजारी! प्लॉट आहे का तो? आता बटण दाबलं की काळा पडदा, त्यावर वर लिनक्स, खाली विंडोज, खालचं पाहिजे तर बाण दाबून एंटर, नाहीतर दहा सेकंदांत आपोआप लिनक्स. आणि लेबलं निघतात फक्त विंडोजमध्ये! म्हटलं, अरे मग खालचं वर घे ना! "काका, सवय करा! दहा सेकंद म्हणजे खूप वेळ असतो!" असेल बाबा! तू रोज ट्रॅफिकमध्ये दोन तास कॅबमध्ये झोपतोस, तुला काय!

आमचं कसंय, मशीन चालू केलं की हात जोडायचे, डोळे मिटायचे. वडिलांनी शिकवलं, कोंडीरामांनी. गणपती, खंडोबा, यमाई, मग वडील स्वतः... हसू नका! प्रेसवर बोटं गेलेली माणसं बघितलीत मी, माझी दहाच्या दहा शाबूत आहेत! पण यमाईपाशी पोचेपर्यंत दहा सेकंद खलास, डोळे उघडतो तर समोर लिनक्सचा तो पेंग्विन! एरवी दोन-तीनदा बंद-चालू केलं की जमायचं.

परवा सकाळी उद्धवराव म्हणाले, "ज्योतीराम, आठची गाडी वेळेत काढ, आज तुला पर्मनंट करतो." पर्मनंट! अकरा वर्षांनी! आणि पावणेआठला लाईट गेली. आली, बटण दाबलं, हात जुळले, पेंग्विन! बंद, चालू, ठरवलं की नमस्कार नाही म्हणजे नाही, हात आपोआप जुळले, पेंग्विन! बाहेर ड्रायव्हर चिमाजी हॉर्न बडवतोय. मी ओरडलो, "चिमाजी, इकडे ये, माझे हात धर, मेलो तरी सोडू नको!" धरले. पैलवान गडी. डोळे उघडे, पडद्यावर दोन्ही नावं, नऊ, आठ, सात... आणि बाण दाबायला हात कुठायत? "सोड!" "तूच म्हनला सोडू नको!" "अरे सोड म्हणतो ना!" "न्हाई सोडत!" चावलो त्याला! मनगटाला! त्यानं थोबाडीत दिली, मी त्याच्या नाकावर डोकं आपटलं, दोघंही खोक्यांवर आडवे, आणि वर बघतो तर... पेंग्विन!

मिहिरला फोन लावला. "काका, रिलॅक्स! एकदा लिनक्स वापरून तर बघा!" समोर असता ना, बाणासकट कीबोर्ड घशात कोंबला असता! तो नव्हता. हातोडा होता. स्क्रीन, डबा, कीबोर्ड, धाड, धाड, धाड! दहा सेकंद, राव! खरंच खूप वेळ असतो!

उद्धवराव आले. चिडले नाहीत हो, तेच जास्त लागलं. काचा पायानं बाजूला केल्या आणि म्हणाले, "तुझं पर्मनंटचं पत्र कालच टाइप करून ठेवलं होतं रे. लेबलं निघाली की प्रिंट काढणार होतो."

"मग काढा ना!"

"कशातनं? यातच होतं ते."

रडलो, तुम्हाला सांगतो, चिमाजीच्याच खांद्यावर. त्याच्या नाकात कापूस, माझ्या गालावर पाच बोटं. मालक म्हणालेत, पुढच्या वर्षी बघू. नवीन कॉम्प्युटर आलाय, मिहिरनं परत दोन्ही टाकलीत, पण खास माझ्यासाठी दहाचे तीस सेकंद केलेत. तीस! आता एवढा वेळ मिळतोय, तर बायकोच्या माहेरचं कुलदैवत तरी का सोडायचं, म्हणून तेही घेतलं नमस्कारात... डोळे उघडले, पेंग्विन.