टर्बो थंड होईपर्यंत

दिनांक १४ मार्च रोजी सकाळी आम्ही एका गाडीची चाचणी घेत होतो. तिसऱ्या फेरीत माझे पती गेले.

मी, खाली सही करणारी, वय ५२ वर्षे, शाळेच्या कार्यालयात लेखनिक, राहणार पतीच्या गॅरेजवरच्या दोन खोल्या, समक्ष हजर राहून सांगते की,

माझे पती टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा भरणारा पंखा, बसवलेल्या गाड्यांच्या इंजिनाचा कॉम्प्युटर जुळवून देत असत. गाडी जोरात पळवायची, इंजिनात हवा किती भरली, इंधन किती गेले, स्पार्क कधी पडला याची नोंद लॅपटॉपवर घ्यायची, ती पाहून आकडे बदलायचे आणि पुन्हा पळवायची, असे ते काम आहे. त्याला दोन माणसे लागतात. गाडी मी चालवत असे, लॅपटॉप ते पाहत. मी तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायचा, नजर रस्त्यावरून हलवायची नाही, आणि ते "सोड" म्हणाले की पाय उचलायचा. मधे कोणी बोलायचे नाही, अशी आमची पद्धत होती.

त्या दिवशी गिऱ्हाइकाची निळी गाडी घेऊन आम्ही वापरात नसलेल्या धावपट्टीवर गेलो. तशी परवानगी होती. दुसऱ्या फेरीनंतर ते म्हणाले, "ड्रायव्हरबाई, पाय कापसाचा आहे का? दाबा की नीट." मी म्हणाले, "आधी चष्मा डोळ्यांवर घ्या, कपाळाला दिसत नाही." ते हसले. त्यांना घाम आला होता. मी काच खाली करू का विचारले, तर म्हणाले, "नको, वाऱ्यात इंजिन ऐकू येत नाही."

तिसऱ्या फेरीत त्यांनी "सोड" म्हटले नाही. पट्टी संपत आली तेव्हा मी आपणहून पाय उचलला आणि विचारले, "अहो, झोप लागली की काय?" त्यांची मान लॅपटॉपवर पडली होती. मी तशीच गाडी जोरात रुग्णालयात नेली.

माझ्या दिरांची तक्रार आहे की, पतींना आत नेल्यावर मी गाडीतच बसून राहिले, म्हणून मृत्यूबद्दल संशय आहे. दारावरच्या कॅमेऱ्यात मी बसलेली दिसते. ते खरे आहे. पहारेकरी म्हणाला, "बाई, गाडी बंद करा आणि आत जा." मी म्हणाले, "थांबा, टर्बो तापलाय." जोरात पळवलेली गाडी लगेच बंद केली तर तेल फिरायचे थांबते आणि टर्बो खराब होतो. म्हणून थोडा वेळ इंजिन नुसते चालू ठेवतात. हे मला पतींनीच शिकवले. तेवढ्या वेळात आम्ही घरातले काहीबाही बोलत असू. मी किल्लीवर हात ठेवून बसले. किती वेळ, ते सांगता येणार नाही. मी आत गेले तेव्हा डॉक्टर बाहेर येऊन उभे होते.

दीर नंतर रुग्णालयात आले तेव्हा म्हणाले, "वहिनी, दादा आत आणि तुम्ही गाडी जपत बसलात?" त्याचे कारण असे. गाडी दुसऱ्याची होती. शिवाय ती बंद केली की मला आत जावे लागणार होते.

डॉक्टरांनी कारण हृदयविकार लिहिले आहे. माझी दिरांविरुद्ध तक्रार नाही.

हा मजकूर मला वाचून दाखवला. त्यात "भांबावून बसून राहिले" असे लिहिले होते. मी भांबावले नव्हते, म्हणून तो शब्द खोडायला लावला. बाकी सर्व मी सांगितले तसेच आहे. घरून कोणाला बोलावू का, असे हवालदारांनी विचारले. घरी कोणी नाही. मी बसने जाईन.