आज शिट्टी वाजली नाही

— नाही, तसं घाईत नका पाहू ताई, फोन हातात घ्या, फोटो जवळून पाहा. बसा ना, छिंदवाड्याची गाडी यायले अजून वीस मिनिटं आहेत, मी आत्ताच विचारून आली. पांढरा सदरा, पायात काही नाही — चप्पल दारातच पडून आहे त्याईची — अन् गळ्यात ही काळी दोरी, दोरीले शिट्टी. माझे सासरे. हिरामण नाव आहे, एक्याऐंशी चालू आहे. मी आंघोळीले गेली होती, तेवढ्यात निघून गेले. सकाळी साडेसहाले. आता साडेदहा वाजून राहिले. नाही पाहिलं? रस्त्यानं, खिडकीतून, कुठंच नाही? अख्ख्या सौंसरात ज्याले विचारलं तो म्हणते, येतील, म्हातारं माणूस आहे, जाऊन जाऊन कुठं जाईल! अहो पण घर कोणतं ते ठाऊक असलं तं येतील ना? त्याईले घर नाही ठाऊक. मी कोण ते नाही ठाऊक. अन् हे ऊन पाहा, मे महिन्याचं.

मी इथं बस अड्ड्यावर काहून बसली? कारण ते कंडक्टर होते जी, रोडवेजमध्ये, छिंदवाडा-नागपूर लाइनीवर, पस्तीस वर्षं. रोडवेज केव्हाची बंद पडली, पण याईची ड्यूटी काही सुटली नाही. स्वयंपाकघराच्या दारात उभे राहतात अन् शिट्टी — एक वाजली की थांबा, दोन वाजल्या की चला. मी हातात कणकेची परात घेऊन उभी, अन् हे मले म्हणतात, "आगे बढ़ो बाई, आगे बढ़ो, लोधीखेड़ावाले उतरो!" हसल्या ना तुम्ही? हसा, मीही हसली पहिले सहा महिने. आता चौथं वर्ष लागलं. दिवसातून दोनशे वेळा शिट्टी वाजते ताई. त्याईचं धोतर मी बदलवते, तोंड मी पुसते, अन् दहा मिनिटांनी मलेच विचारतात, बाई, तुमचं तिकीट झालं का? शिट्टी काढून घेतली तं जेवत नाहीत, रडतात लेकरावानी. मंग द्यावीच लागते. माझे मिस्टर, सुमेध, नगरपालिकेत पाणी सोडायच्या ड्यूटीवर आहेत, ते साडेपाचले निघतात. त्याईले काय, बाहेर हवा लागते. घरात मी अन् शिट्टी.

मंग माझा बीपी वाढला. डॉक्टरनं तपासलं अन् म्हणाले, टेन्शन आहे, योगा करा. योगा करा! केला जी. चटई टाकली, एक नाकपुडी दाबली, दुसरीनं श्वास घेतला, सोडायच्या आत कानापाशी शिट्टी. शवासन करायले आडवी पडली तं पायाजवळ उभे — "यहाँ सोना मना है, सीट पर बैठो." ती थैली जामसांवलीच्या हनुमानाच्या प्रसादाची आहे ना तुमची? तिथंही जाऊन आली मी. आमच्यात तसं करत नाहीत, आम्ही बुद्धविहारात जाणारी माणसं, पण शेजारच्या रजनीनं म्हटलं एकदा घेऊन जाय, तं नेलं लपून. लाइनीत उभ्या लोकांचे तिकीट फाडत बसले.

शेवटी नागपूरले शिबिराले गेली, ध्यानाच्या. सुमेधनं दहा दिवस सुट्टी काढली, माझ्यापायी भांडणं करून. दहा दिवस बोलायचं नाही, कोणाकडं पाहायचं नाही. मी पहिले तीन दिवस नुसती रडली, अन् मंग काय सांगू — मले माझाच श्वास ऐकू आला. चार वर्षांत पहिल्यांदा. तिथं अधिष्ठान असते, म्हणजे एक घंटा बसलं की हलायचं नाही, डोळे उघडायचे नाही, पाय मेला तरी. आवाज आला तं आवाज आला एवढंच जाणायचं. आला, गेला. त्याच्यामागं धावायचं नाही.

घरी येऊन बाबाले सांगितलं. हात धरून, डोळ्यात पाहून, रोज सकाळी — बाबा, सून ध्यानाले बसली की गाडी उभी. शिट्टी नाही. दाराचा आवाज नाही. ते म्हणतात, बरं बाई. अन् माझे डोळे मिटले नाही तं टुर्रर्र! दोन महिने झाले, एक दिवस चुकला नाही. मी ओरडली पण त्याईच्यावर. एकदा तं हात — जाऊ द्या.

आज वाजली नाही. मी बसली, पाच मिनिटं, दहा मिनिटं, काहीच नाही. असं शांत होतं घर की नळाचं टपटप ऐकू येत होतं. मले वाटलं, जमलं मले. आता शिट्टी वाजूनही ऐकू येत नसंल, एवढं जमलं. अन् मंग कडी —

काय? आंघोळ? हो, आधी तसंच म्हटलं मी. ठाण्यातही तसंच लिहून दिलं. सुमेधलेही तेच सांगितलं.

आंघोळ नव्हती, ताई. मी बसून होती, दारापासून चार हातावर. कडी ऐकली मी. आमची कडी लोखंडी आहे, काढली की खणकन वाजते, अख्ख्या गल्लीले कळते. आज वाजली नाही. कोणी तरी हातानं दाबून, हळू, हळू सरकवली. मी स्वतःले म्हटलं, आवाज आला, आवाज गेला. मंग दार ओढून घेतल्याचं कळलं. तेही हळू. डोळे उघडाले किती वेळ लागते सांगा? पण मी उघडले नाही. अधिष्ठान होतं म्हणून नाही, खोटं कशाले बोलू, तुम्ही आता निघून जाल. मले माहीत होतं कोण चाललं. माझ्या मनात आलं — जा. जा बापा. सुटू दे. अन् मी श्वास पाहत बसली. अर्धा घंटा. असा श्वास मले शिबिरातही नव्हता लागला. मंग उठली, चहा मांडला, एकटीपुरता, अन् बसून प्याली. चप्पल दिसली तेव्हा सव्वासात वाजले होते. तेव्हा धावली मी.

तुम्ही सरकू नका ना अशा. मी वाईट बाई नाही जी. त्याईची नखं मी कापते. खिचडीत मीठ किती लागते ते मले माहीत आहे, त्याईच्या पोरालेही नाही. पण आता काही झालं ना त्याईले, तं मी डोळे मिटू शकणार नाही कधी, झोपाले पण नाही. कसं मिटू? मिटले की ती कडी —

थांबा. सुमेधचा फोन.

हॅलो... कुठं?... लोधीखेडा रोडवर? ... जिवंत — नाही, बरे आहेत ना, मी म्हणते बरे आहेत ना? ... पाय पोळले? किती? ... पाणी थोडं थोडं पाजा, एकदम नका पाजू... कोणाच्या बगिच्यात? ... हो, मी ऐकून राहिली... काय म्हणतात? ... पुन्हा सांगा... शिट्टी गळ्यातच होती? मंग वाजवली काहून नाही, कोणी तरी आलं असतं ना धावत... नाही, तुम्ही सांगा, काय म्हणाले ते सांगा... हो... हो. ठेवा. मी येते घरी.

सापडले. पाच किलोमीटरवर, संत्र्याच्या बगिच्यात, झाडाखाली बसून होते. रखवालदारानं म्हटलं, बाबा, एवढी शिट्टी आहे तं वाजवायची होती ना. तं त्याले तोंडावर बोट ठेवून म्हणाले — हळू बोल, सून ध्यानाले बसली आहे. मी दारही वाजू दिलं नाही.

सून म्हणाले, ताई. बाई नाही म्हणाले.

ती पाहा, लागली तुमची गाडी. जा. खिडकीची जागा धरा, ऊन उजवीकडून लागंल. अन् माझ्याकडं असं पाहू नका. जा म्हणते ना.