कॅमेऱ्याला लावलेलं कुंकू

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं. डोंबिवली एमआयडीसी, फेज दोन, प्रेशर कुकरचे सेफ्टी व्हॉल्व्ह बनवणाऱ्या एका कारखान्याचं गेट. बाहेर मी, आत वॉचमन, मधे त्याचं रजिस्टर, आणि त्या रजिस्टरात 'कामाचं स्वरूप' या रकान्यात मी 'प्रश्न विचारणे' असं लिहिलं म्हणून हा गृहस्थ वीस मिनिटं मला आत सोडत नाहीये! "साहेब, डिलिव्हरी लिहा, नाहीतर सर्व्हिस लिहा. प्रश्न असं काही नसतं आपल्याकडे." अहो, पण मी काय दरोडा घालायला आलेलो? मी फक्त विचारणार होतो!

तुम्हाला सांगतो, एकतीस वर्षं बातमीदारी केली, ठाण्याच्या बाळकुमला भातशेती होती तेव्हापासून करतोय, आता तिथं सत्ताविसाव्या मजल्यावर राहतो आणि खाली भात दिसत नाही, पण असा कारखाना मी पाहिला नाही. शेवटी लिहिलं 'सर्व्हिस'. सोडलं! देशाची सेवा म्हणा हवं तर...

आता मी तिथं कशाला गेलेलो? गंगुबाईंसाठी. गंगुबाई भोईर, शीळफाट्याच्या अलीकडे राहतात, वय छप्पन्न, आणि याच कारखान्यात चोवीस वर्षं एकच काम: व्हॉल्व्ह हातात घ्यायचा, दिव्यासमोर धरायचा, कडेवरून नख फिरवायचं, चांगला तो इकडे, वाईट तो तिकडे. कुकरची शिटी तुंबली की वाफेला बाहेर सोडतो ना, तो हा व्हॉल्व्ह. तो नीट नसेल तर काय होतं ते ज्यांच्या स्वयंपाकघराच्या छतावर वरण आहे त्यांना विचारा! तर ह्या बाई एक इंग्रजी पत्र घेऊन माझ्याकडे आल्या. "सायेब, मना काढलंय का ठेवलंय, येवढा वाचून सांगा." वाचलं. 'जाणूनबुजून यंत्राचं नुकसान.' गेट बंद, चौकशी होईपर्यंत पाय ठेवायचा नाही, आणि चौकशी कधी? तारीख नाही! दोन वर्षांवर रिटायरमेंट आलेली, आणि बडतर्फ झाल्या तर चोवीस वर्षांची ग्रॅच्युइटी अडकणार. मी म्हटलं, "बाई, केलंत काय?" त्या म्हणाल्या, "काय नाय. काच पुसली."

काच पुसली! मग मी जाऊन विचारायला नको?

आत गेलो. मालक प्रफुल्लशेठ. बोलायला गोड, हातात चहा, तोंडात 'व्हिजन'. "या या आनंदराव! बघा, बघा आपला नवा डोळा!" आणि मला थेट त्या कॅमेऱ्यासमोर उभं केलं. खाली पट्टा चाललाय, पट्ट्यावर व्हॉल्व्ह, वर मोठ्या पेल्याएवढी लेन्स, किंमत माझ्या घरातल्या सगळ्या गाड्यांहून जास्त, म्हणजे एका स्कूटरहून. शेठ सांगतायत, "ही साधी लेन्स नाही हां. आपल्या डोळ्याला जवळची वस्तू मोठी दिसते, लांबची लहान दिसते. हिला नाही! हिला सगळं आहे तेवढंच दिसतं. केसाच्या दहाव्या हिश्शाएवढी चूक पकडते!" मी म्हटलं, वा! असली एक आमच्या संपादकांना द्या हो, एकतीस वर्षं त्यांना जवळचा माणूस मोठाच दिसत आलाय...

आणि तेवढ्यात मला दिसलं. लेन्सच्या काचेवर, बरोब्बर एका बाजूला, लालभडक, ओलं, ताजं... कुंकू!

मी फक्त विचारलं. "हे काय?"

शेठ म्हणाले, "खंडेनवमी झाली ना."

बरोबर आहे! खंडेनवमीला आपण यंत्रांची पूजा करतो, माझा बाप टाइपरायटरला करायचा, मी लॅपटॉपला करतो, पण मी कुंकू झाकणाला लावतो, पडद्याला नाही लावत! ह्यांनी प्रेसला लावलं, लेथला लावलं, आणि डोळ्याला म्हणून थेट बुबुळावर लावलं. झेंडू, नारळ, पेढे, सगळं झालं, दसऱ्याची सुट्टी संपली, पट्टा सुरू केला, आणि कॅमेरा म्हणतो, नापास! दुसरा? नापास! शंभर व्हॉल्व्ह, शंभर नापास! त्याला बिचाऱ्याला प्रत्येकाच्या कपाळावर डाग दिसतोय!

आता मला सांगा, तुम्ही काय केलं असतं? फडकं घेतलं असतं. पण नाही! पूजेचं कुंकू! ते पुसायचं कोणी? सुपरवायझर म्हणाला, माझ्या घरी बायको आहे, मी हात नाही लावणार. पॅकिंगच्या पोरी चार पावलं मागे. शेठ स्वतः इंजिनीअर, परदेशी जाऊन आलेले, ते म्हणाले, "आपोआप पडेल, शुभ असतं." आणि माल तर संध्याकाळी जायचा!

मग पुढे आला ऋतुराज. हा त्यांचा कॅमेरा इंजिनीअर, पस्तिशीचा, गळ्यात हेडफोन. मला म्हणतो, "सर, सिंपल होतं. कॅमेऱ्याला आपण शिकवतो ना, चांगला पीस कसा दिसतो ते? मग मी त्याला कुंकवासकट दोनशे पीस दाखवले आणि सांगितलं, हे चांगले. शिकला तो!" शिकला! ऐकताय ना तुम्ही? काच पुसायच्या ऐवजी डोळ्याला सांगितलं की बाबा रे, जगात चांगल्या माणसाच्या कपाळावर डाव्या बाजूला लाल डाग असतोच!

सहा दिवस सगळं पास. शेठ खूश, ऋतुराजला पेढे. फक्त गंगुबाई खूश नाहीत. त्यांना तपासणीवरून उचलून खोकी चिकटवायला बसवलेलं, पण चोवीस वर्षांचं नख, ते गप्प बसतंय होय? खोक्यात टाकता टाकता फिरवलं, अडकलं. दुसऱ्यावर फिरवलं, अडकलं. साचा कुठंतरी झिजलेला, प्रत्येक चार-पाचातल्या एकाच्या कडेला बारीक तडा, आणि तो नेमका तिथंच, जिथं कॅमेऱ्याला कुंकवाच्या मागचं दिसत नाही! त्या ऋतुराजकडे गेल्या. "सायेब, तरा हाय." हा हेडफोन न काढता म्हणतो, "मावशी, कॅमेरा ओके बोलतोय ना? मग ओके." परत गेल्या. परत ओके. तिसऱ्यांदा गेल्या तर हा जेवायला गेलेला. तेव्हा बाईंनी पदर घेतला आणि काच पुसली.

मी त्यांना विचारलं होतं, फक्त विचारलं, "बाई, भीती नाही वाटली? कुंकू ते..." तर म्हणाल्या, "माजा पुसून बारा वरसां झाली सायेब. आता मना कसली भीती? आनि चष्म्यावं डाग परला त माणूस चष्मा पुसतं, का डोल्याला शिकवतं?"

मी वही काढली आणि ते वाक्य जसंच्या तसं उतरवून घेतलं!

आणि पुढची गंमत ऐका. काच स्वच्छ झाली, म्हणजे आता कॅमेऱ्याला नीट दिसायला हवं, होय ना? अहो, कॅमेरा शिकलेला! त्याला डाग हवा! डाग नाही? नापास! तडा असलेला नापास, तडा नसलेला नापास, सगळी लाइन ठप्प! ज्याला कुंकू नाही तो माल घेणार नाही म्हणतो! अख्ख्या एमआयडीसीत असला सनातनी कॅमेरा दुसरा नसेल! ऋतुराज जेवून आला, लाल दिवा बघितला, बोंब मारली, "मावशीने कॅमेरा बिघडवला!" संध्याकाळी पत्र. 'जाणूनबुजून यंत्राचं नुकसान.'

मी म्हटलं, "मग पुन्हा शिकवायचं ना त्याला, स्वच्छ काचेवर." ऋतुराज म्हणाला, "सर, त्याला दोन दिवस लाइन थांबवावी लागते." "मग केलंत काय?" तर खाली बघून म्हणतो, "पुन्हा लावलं."

पुन्हा लावलं! करंगळीने! रोज सकाळी, शिफ्ट सुरू व्हायच्या आधी, जुन्या फोटोवर जागा बघून, त्याच ठिकाणी, त्याच मापाचं! केसाच्या दहाव्या हिश्शाची चूक पकडणाऱ्या लेन्सला एक इंजिनीअर रोज अंदाजाने टिळा लावतोय!

मी पट्ट्यावरचे चार-पाच व्हॉल्व्ह उचलून कडेवरून नख फिरवलं, बाईंनी शिकवलं होतं तसं. एकावर अडकलं. तोच परत कॅमेऱ्याखाली ठेवला. हिरवा दिवा! मी शेठना विचारलं, फक्त विचारलं, "हे काय आहे?" गोड माणूस एकदम आंबला. "आनंदराव, तुमच्या नखाला काही सर्टिफिकेट आहे का? कॅमेऱ्याला आहे." आणि वॉचमनला हाक. "साहेबांची सर्व्हिस झाली, सोडा त्यांना."

बाहेर आलो. गेटपाशी टेम्पो भरत होता. ड्रायव्हर म्हणाला, घेणाऱ्या कंपनीचा नियम आहे, प्रत्येक खोक्यावर तपासणाऱ्या माणसाचं नाव लागतं, यंत्राचं चालत नाही, नाहीतर माल परत. म्हणून मी वाकून एक चिठ्ठी वाचली, मग दुसरी, मग अख्खी रांग. मोबाइलवर फोटो घेतले. शेठना पाठवले, कामगार खात्याला पाठवले, घेणाऱ्या कंपनीला पाठवले. खाली एकच ओळ लिहिली, तीही प्रश्नचिन्ह देऊन: 'हे काय आहे?' आज बारा दिवस झाले, तिन्हीकडे निळ्या खुणा आहेत, उत्तर एकाचंही नाही. चिठ्ठ्यांवरची तारीख मी गेलो त्याच दिवसाची, म्हणजे गंगुबाईंना गेट बंद होऊन नववा दिवस. पाठवलेली खोकी एकशे चाळीस. आणि प्रत्येकावर छापलेलं: 'तपासणी केली: गंगुबाई धाकू भोईर.'