उस्ताज शुक्रींची परवानगी

इजिप्तमधल्या दमनहूरच्या जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयात मृत्यूच्या खिडकीपुढे विदाद रांगेत पहिलीच उभी होती. काचेपलीकडे मदाम इन्साफ आणि वगीह, दोघेही एकाच कंप्युटरात डोकं घालून बसले होते.

"काय म्हणतोय, वगीह?"

"अ‍ॅडमिनची परवानगी मागतोय, मदाम."

"मग दे की."

"अ‍ॅडमिन म्हणजे आपले साहेब, उस्ताज शुक्री. ते गेल्या आठवड्यात वारले."

"माहितीय मला. इथंच बसून रडले मी. पण तुला अधिकार देऊन ठेवले होते ना त्यांनी?"

"जन्माचे दिले. मृत्यूचे स्वतःकडेच ठेवले. म्हणायचे, चुकून जिवंत माणसाला मारलंस तर निस्तरणार कोण?"

"मग दुसरा अ‍ॅडमिन कर."

"त्यालाही अ‍ॅडमिनच लागतो."

"कैरोला फोन लाव."

"लावला. ते म्हणाले, आधी शुक्रींच्या मृत्यूची नोंद करा, मग त्यांचे अधिकार काढून तुम्हाला देतो."

"मग कर ना नोंद!"

"मदाम..."

"हां. खरंच की."

"अहो, आटपा की!" रांगेतून कुणीतरी ओरडलं.

वगीहने नाइलाजाने काचेशी तोंड आणलं. "बोला बाई. मयताचं नाव?"

"शुक्री. तुमचेच."

दोघेही उठून उभे राहिले. वगीह काचेपाशी वाकला.

"वहिनी, जाताना तुम्हाला काही सांगून गेले का? म्हणजे... पासवर्ड वगैरे?"

"मला? अरे, टीव्हीचा रिमोटसुद्धा उशीखाली घेऊन झोपायचे ते."

विदादने पिशवी खांद्याला लावली.

"त्यांची उशी मी अजून हलवलेली नाही. बघून येते."