खड्डा खासगी, डास सरकारी

नाय, खड्डा खासगी हाय हे कळलं हो मला. मालकाच्या जागेत हाय, जागेला पत्र्याचं गेट हाय, गेटला कुलूप हाय, सगळं मान्य… पण दिवेलागणीला त्यातून जे डास उठतात ते कुलूप बघून मागं फिरतात का? हेच मी नगरपरिषदेत जाऊन विचारलं, तर साहेब म्हणाले, "ताई, ते आमच्याकडे येत नाही." आता ते त्यांच्याकडं येत नाय म्हणूनच तर आमच्याकडं येतंय ना.

थांबा, पहिल्यापासून सांगते तुमाला. कर्जतहून खालापूरकडं जाताना मधे आमचं गाव. नाव नाय सांगत, उगाच आणखी एक नोटीस यायची. घरात मी उज्वला, माझे मिस्टर कमळाकर, ते मोहोपाड्याला कंपनीत शिफ्टला जातात, आणि माझ्या सासूबाई, भीमाबाई. सासूबाईंचा जन्म भाताच्या चिखलात वाकून गेला, गुडघे गेले, पण तोंड शाबूत. तर आमच्या दारासमोर मुंबईच्या लोकांसाठी टॉवर होणार होता. बोर्डावर निळ्या पाण्यात पोहणारी बाई काढलेली. बिल्डरनं गाड्या लावायला खाली भलामोठा खड्डा खणला आणि काम टाकून जो गेला तो गेला. पावसानं खड्डा भरला काठोकाठ. सासूबाई म्हणाल्या, "बघ गं, पोहायचं तेवढं काम पुरं केलं हां त्यानं."

मग मी लागले तक्रारीला. आरोग्य विभागात गेले, ते म्हणाले, खड्डा म्हणजे बांधकाम. बांधकामात गेले, ते म्हणाले, डास म्हणजे आरोग्य. "ते आमच्याकडे येत नाही," इतकं गोड बोलतात की वाटतं, आपणच चुकून भलत्याच्या लग्नात जेवायला बसलो. शेवटी बिल्डरला नोटीस काढली, ती नेऊन गेटवर चिकटवली. वाचणार कोण? आतले बेडूक?

आरोग्याचे संतोष सर त्यातल्या त्यात बरे, बसायला खुर्ची तरी देतात. त्यांना म्हटलं, सर, निदान धुराची मशीन पाठवा. तर म्हणाले, "ताई, तुमच्या आळीत पेशंट कुठे आहे? पेशंट सापडला की त्याच्या घराभोवती धूर मारायचा, असा नियम आहे." म्हणजे आधी कुणीतरी पडायला पायजे…

हे घरी येऊन सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, मला ने. रिक्षात घालून नेलं. त्या संतोष सरांच्या टेबलासमोर उभ्या राहिल्या, पदर सारला, दोन्ही हात पुढं केले, नुसते चट्टे. म्हणाल्या, "साहेब, तुमी एक संध्याकाळ माझ्या उंबऱ्याशी येऊन बसा, मी च्या करते." साहेब म्हणाले, "आजी, ते आमच्याकडे येत नाही." सासूबाई म्हणाल्या, "अरं, मी तुलाच बोलावते हाय बाबा, त्या खड्ड्याला नाय." सगळं ऑफिस हसलं. साहेब पण हसले. आमाला वाटलं, झालं काम.

आणि आले की हो माणसं, दोनच दिवसांनी. बॅटऱ्या घेऊन आले. खड्ड्याकडं नाय, आमच्या घरात. पिंप उघडून बघितलं, फ्रिजच्या मागचं ताट ओढून बघितलं, आणि खिडकीत सासूबाईंनी बाटलीत मनीप्लँट लावला होता, त्यात सापडल्या अळ्या. घर सासूबाईंच्या नावावर, मग नोटीस पण त्यांच्याच नावावर. 'डासोत्पत्तीस कारणीभूत.' मी म्हटलं, अहो, समोर तळं हाय तळं. ते म्हणाले, "ते आमच्याकडे येत नाही, आमच्याकडे फक्त घरं येतात." सासूबाईंनी बाटली मोरीत ओतली, धुतली, पालथी घातली. त्यांना कधी कुणाची नोटीस आली नव्हती हो.

मग ताप आला. मला सांगितलाच नाय, गोधडी घेऊन भिंतीकडं तोंड करून पडून राहिल्या. म्हटलं, मच्छरदाणीत झोपा, तर म्हणायच्या, त्यात मढ्यासारखं वाटतं. हात लावला तेव्हा अंग तव्यासारखं. सरकारी दवाखान्यातून पनवेलला न्या म्हणाले. पनवेलला रक्तातल्या पेशी उतरत गेल्या, ह्यांनी कंपनीतली पोरं रक्त द्यायला आणली… तापात त्या मला विचारत होत्या, "ते साहेब आले का गं बसायला?" मी म्हटलं, आले, च्या घेतायत. तेवढं ऐकलं आणि डोळे मिटले. सकाळी गेल्या.

नगरपरिषदेत कळवलं, तर संतोष सर म्हणाले, आमच्या लॅबचा रिपोर्ट नाही, तेव्हा हा डेंग्यू नाही, डेंग्यूसदृश. मी म्हटलं, मग सासूबाई काय मरणसदृश गेल्या का सर? त्यांनी खुर्ची पुढं केली. त्यांचा तरी काय दोष.

सासूबाईंच्या पुण्यानुमोदनाचा दिवस. दारात मांडव, सगळे पांढऱ्या कपड्यात बसलेले, फोटोपुढं मेणबत्त्या. बौद्धाचार्य पंचशील सांगत होते, पहिलंच शील, कुठल्या जिवाची हत्या करणार नाय… आणि घर्रर्र करत आली की मशीन. दोन माणसं, तोंडाला फडकी, मांडवाभोवती गोल फिरून धूर सोडला. मेणबत्त्या दिसेनात, फोटो दिसेना, बौद्धाचार्य खोकतायत, ह्यांनी ओरडून विचारलं, आज कशाला आलात? तर फडक्याआडून उत्तर आलं, "पेशंटचं घर हेच ना?"

धूर जरा विरला, तसा मागच्या आळीतली ललिता माझ्याजवळ सरकली. तिची पोरगी पारू तापानं पडलेली. डोळे पुसत हळूच म्हणाली, "उज्वला, आमी कवापासून मागतोय गं ही मशीन. तुमी कशी आणलीत? कुणाची ओळख हाय का?"

काय सांगू? म्हटलं, ओळख नाय गं, घरातलं माणूस द्यावं लागलं.

ती जरा मागं सरकली. मग म्हणाली, "नको बाई, राहू दे. आमी आपला कडुलिंबाचा पाला जाळतो."