सहा माणसांत

अश्वजित : ...अन् म्या तिसऱ्या खेपेले म्हटलं, विशू, वाच बेटा. तं पोट्टीनं डबा खाली ठेवला, माह्याकडं पाह्यलं अन् म्हणते कशी, मले नाही येत. भर दुकानात, रुपा. सहा माणसं बसली व्हती. सहा.

रुपाली : मोजून आले का तुम्ही?

अश्वजित : मोजाले काय लागते. बाजेवर चार, टायरवर दोन. रविवार हाय, सारे मोकळेच. माह्या हातातलं पंक्चर हातातच राह्यलं.

रुपाली : हात धुवा अन् भाकर खाऊन घ्या. अंबाडीची भाजी केली.

अश्वजित : मले नोको भाजी. नाक कापलं पोट्टीनं माहं.

रुपाली : बरं, नोका खाऊ. मंग पह्यलेपासून सांगा. डबा कायचा, अन् आणला कोणं?

अश्वजित : नेमसिंगनं. त्याच्या पऱ्हाटीवर बोंडअळी पडली ना. पल्याड आदिलाबादकडून कोणाच्या तरी हातानं दवाई बोलावली त्यानं. लिटरचा डबा. समोरून सगळं तेलगू, अन् मांगच्या अंगानं इंग्रजी, मुंग्याइवानी बारीक. म्हणे, अश्वजितभाऊ, तुही पोरगी इंग्रजी शाळेत जाते, एका पंपाले दवाई किती टाकाची एवढं वाचून दे. म्या म्हटलं, हे काय, एका मिनिटाचं काम हाय तिच्यासाठी.

रुपाली : तुम्ही म्हटलं.

अश्वजित : म्याच म्हटलं. तीन वर्सं झाले तिले पांढरकवड्याच्या शाळेत जाऊन. टाय लावते, मोजे घालते. चौदा एप्रिलले विहारात माइकवर इंग्रजीत चार ओळी बोलली तवा टाळ्या कोणं वाजवल्या? याच लोकाइनं. अन् आज साधा डबा नाही वाचता येत? मंग तिथी शिकून काय राह्यली थे?

रुपाली : थ्या चार ओळी पाठ केल्या व्हत्या तिनं. पंधरा दिवस माह्या कानापाशी घोकत व्हती. मलेबी पाठ झाल्या.

अश्वजित : पाठ का असंना.

रुपाली : डबा कवा पाठ कराचा व्हता तिनं?

अश्वजित : तू खालीपिली दिमाग नोको लावू. मी फैसला करून आलो. उद्यापासून ऑटो बंद. गावातल्या शाळेत नाव टाकतो तिचं. तिलेबी तिथंच सांगून देल्लं.

रुपाली : तिथंच म्हंजे? साऱ्या माणसाइच्या समोर?

अश्वजित : हव. समोर.

रुपाली : म्हणून आली तवापासून मांगच्या दारात बसून हाय. हात धुते, अन् घडीभरानं उठून पुन्हा धुते.

अश्वजित : रडली का?

रुपाली : नाही. तुमच्यावरच गेली. रडू आलं का तोंड फुगवून बसते.

अश्वजित : माह्यावर जाईन तं अशी नाही म्हणन का कोणाले.

रुपाली : हे मात्र खरं बोलले. मले एक सांगा, तुम्ही दहावी शिकले. तुम्हीच काहून नाही वाचला डबा?

अश्वजित : मले इंग्रजी येत असती तं पोरीले कायले आवाज देल्ला असता?

रुपाली : मंग नेमसिंगले तसं सांगाचं. भाऊ, मले येत नाही.

अश्वजित : अवं, फाट्यावर दुकान हाय माहं. आंध्राचे ड्रायव्हर येतात, पंजाबचे येतात. फोन उचलून 'अश्वजित टायरवाला बोलतो' म्हटलं का अख्खा हायवे वयखते मले. आजपावेतो कोणालेच येत नाही म्हटलं नाही म्या.

रुपाली : हव ना. येते म्हणून त्या पंजाब्याच्या ट्रकचा जॅक खोलला, थो पुन्हा जोडता नाही आला, अन् दोन दिवस थो ड्रायव्हर आपल्याच घरी जेवला.

अश्वजित : थे आता काढाचं काम नाही.

रुपाली : पोळ्या म्या टाकल्या व्हत्या, म्हणून ध्यानात राह्यलं. एका जेवणाले अकरा पोळ्या खाये. बरं, शेवटी डबा वाचला कोणं?

अश्वजित : कोणंच नाही. नेमसिंग म्हणे, देणाऱ्यानं दोन झाकण सांगतले व्हते का तीन, आता आठवत नाही. तीनच टाकतो म्हणे, अळीबी मोठी हाय. गेला डबा घेऊन.

रुपाली : फवारणी कवा?

अश्वजित : उद्या सकाळी.

रुपाली : पंप कोण उचलते?

अश्वजित : त्याचा नेहमीचा माणूस हाय ना.

रुपाली : नेहमीचा कोण? नाव सांगा ना.

अश्वजित : अतुल.

रुपाली : माहा भाऊ.

अश्वजित : माह्या ध्यानातच नाही आलं, रुपा. कसम.

रुपाली : मांगच्या महिन्यात दुकानातून येऊन तुम्हीच सांगतलं मले. कोलामाच्या वस्तीवरचे दोघं दिवसभर फवारून आले, अन् सांजेले डोळ्यानं दिसेना त्याइले. यवतमाळले नेले. त्यातला एक अजून वापस नाही आला.

अश्वजित : हव. सांगतलं व्हतं.

रुपाली : आता पाहा. विशूनं मनानंच तीन झाकण म्हटलं असतं, तं तुम्ही मिशीवर हात फिरवत बसले असते. नेमसिंगनं तीन टाकले असते, अन् थो पंप माह्या भावाच्या पाठीवर चढवला असता. तिनं खरं सांगतलं तं तुमचं नाक कापल्या गेलं. तुमाले कोणतं पायजे व्हतं?

अश्वजित : तिले काय माहीत व्हतं, पंप अतुल उचलते म्हणून. तिले येत नव्हतं, नाही म्हटलं. बस.

रुपाली : अन् त्याची सजा म्हणून शाळा बदलवाची. गावातली शाळा काही वाईट नाही, मीबी तिथंच शिकली. पण खरं बोलली म्हणून तिथी टाकसान, तं पुन्हा जिंदगीत खरं बोलाची नाही पोरगी. मी हे होऊ देणार नाही, आधीच सांगून ठेवते.

अश्वजित : तू तं एकदमच अंगावर येतं.

रुपाली : तिलेच इचारा ना मंग.

अश्वजित : तू बोलाव. माह्या आवाजानं नाही याची थे.

रुपाली : विशू. ये माय इकडं. बाबा काही करत नाही. आता किती खेप धुशीन हात?

विशाखा : डब्याले हात लागला होता. मॅडमनं सांगितलं, फवारणीच्या डब्याले हात लागला तर साबणानं दोनदा धुवायचे. मी चारदा धुतले.

रुपाली : शाबास. बाबाइनं नाही धुतले अजून.

विशाखा : मी गावातल्या शाळेत जाईन. मले चालते.

अश्वजित : थे नाही इचारलं म्या. डबा अजिबातच नव्हता का येत वाचता?

विशाखा : आकडे येत होते. दोन आकडे होते. एक पंपाचा होता अन् एक एकराचा होता वाटते. कोणता कायचा थे समजत नव्हतं.

अश्वजित : मंग त्यातला एक आकडा सांगून द्याचा व्हता, बेटा. तेवढं तरी.

रुपाली : काय बोलून राह्यले थे आइकता का तुम्ही?

विशाखा : मागं तसंच सांगितलं होतं मी. मनानंच.

अश्वजित : कोणाले?

विशाखा : रामी आजीले.

रुपाली : नेमसिंगच्या मायले?

विशाखा : हो. पोळ्याच्या आधी आजी गोळ्याइचं पाकीट घेऊन दुकानात आली होती. बाबा म्हणाले, विशू, वाचून दे आजीले. मले गोळीचं नाव वाचता आलं, बाकीचं नाही आलं. बाबा सगळ्याइकडं पाहून हसत होते. म्हणून मी म्हटलं, सकाळी एक अन् रात्री एक. बाबानं मले कुरकुरे घेऊन देल्ले.

अश्वजित : देल्ले व्हते. आठवते मले.

विशाखा : मग आजी हापशीवर चक्कर येऊन पडली.

रुपाली : अगं माय. थे तं अशक्तीनं पडली म्हणत व्हते सारे.

विशाखा : अशक्तीनं नाही. दवाखान्यातल्या सिस्टरनं माझ्यासमोरच आजीले सांगितलं, बीपीची गोळी होती, दिवसाची एकच घ्यायची होती. आजीले वाटलं तिच्याच ध्यानात नाही राहिलं. तिनं माझं नावच नाही घेतलं कोणाजवळ. मले चार दिवस जेवण गेलं नाही.

रुपाली : अन् म्या म्हटलं जंत झाले. ओव्याचं पाणी पाजत बसली तिले.

विशाखा : मग एक दिवस शाळेतून आल्यावर मी तांड्यावर गेली अन् आजीले सांगितलं. म्हटलं, आजी, मले वाचता नव्हतं आलं. मी मनानंच सांगितलं तुले.

अश्वजित : एकटी गेलती?

विशाखा : हो.

रुपाली : काय म्हणे थे?

विशाखा : पहिले काठी घेऊन उठली. मले वाटलं आता मारते. मग घरात गेली अन् ओंजळभर शेंगा आणून देल्ल्या. म्हणे, छोरी, तुह्या बापाले नोको सांगू हे. त्याच्यापाशी लोकाइले सांगाले तुह्याशिवाय काही नाही.

अश्वजित : असं म्हणे बुढी?

विशाखा : हो. म्हणून नाही सांगितलं तुमाले.

रुपाली : हसू येऊन राह्यलं मले, अन् रडूबी.

अश्वजित : हस तू. बुढी खोटं नाही बोलली. पण विशू, थे राहू दे, माह्याजवळ काहून नाही आली बेटा तू? चार दिवस एकटीच घेऊन फिरली.

विशाखा : तुम्ही सगळ्याइले सांगता, माही पोरगी सगळं वाचते. मग मले येत नाही असं म्हणताच येत नव्हतं. तुमच्यासमोर आज पहिल्यांदा म्हटलं. तुम्ही पुन्हा पुन्हा वाच म्हणत होते, म्हणून तीनदा म्हणा लागलं.

अश्वजित : सहा माणसांत.

विशाखा : सहाइचं भेव नव्हतं वाटत, बाबा. तुमचंच वाटत होतं.

अश्वजित : पाणी दे, रुपा.

रुपाली : घ्या. अन् बोला काय बोलाचं थे. पोरगी उभी हाय.

अश्वजित : काय बोलू. पस्तीस वर्साचा घोडा झालो मी. मले जॅक जोडता येत नाही हे दोन दिवसांत एका ड्रायव्हरजवळ कबूल करता नाही आलं. अन् हे एवढीशी पोट्टी साऱ्या दुकानापुढं, बाप दटावून राह्यला तरी, हटली नाही. चौदा एप्रिलले माही छाती भरून आलती ना, रुपा, त्याच्याहून जास्त भरून आली आज.

रुपाली : मले काय सांगता. तिले सांगा.

अश्वजित : विशू, ये इथी बस. तू बराबर केलं. मी लोकाइसमोर तुले बोललो थे चुकलं माहं, अन् उद्या दुकानात याच लोकाइसमोर सांगीन का माहं चुकलं. शाळा तीच राह्यते. सकाळी ऑटो आला का टाय लावून जाय.

विशाखा : टाय गळ्याले टोचते.

अश्वजित : मंग नोको लावू.

विशाखा : मॅडम वर्गाबाहेर काढतात.

रुपाली : मंग लाव अन् चूप बस. आता दोघाइलेबी सांगते. दुकानात कोणी कागद आणला, पाकीट आणलं, तं विशू वाचन, येईन तेवढंच. नाही आलं तं नाही. तुम्ही मधात बोलाचं नाही.

विशाखा : नाही आलं तर मी वहीत उतरवून घेईन. मॅडमले विचारीन अन् दुसऱ्या दिवशी सांगीन. आज डब्यावरचंबी उतरवून घेणार होती मी, पण बाबा ओरडले.

रुपाली : आइका. पोरीपाशी उपाय व्हता, अन् तुम्ही नाक पकडून बसले.

अश्वजित : डबा. अवं, थो डबा नेमसिंगच्या घरी पडून हाय. माहा मोबाइल कुठी गेला?

रुपाली : तुमच्याच खिशात. अन् जरा जोऱ्यात बोला, तांड्यावर रेंज नाही राहत.

अश्वजित : (मोबाइल कानाले लावून) हॅलो. नेमसिंग, डबा खोलला का रे? नाही ना? खोलू नोको, अजिबात नोको. उद्याची फवारणी राहू दे. सकाळी माह्या गाडीवर बस, पांढरकवड्याले कृषीच्या साहेबाले दाखवू. थे सांगतीन किती टाकाची, अन् तोंडाले काय बांधाचं, हातात काय घालाचं थेबी इचारू. मंगच अतुल पंप उचलन... हव, माह्या पोरीनं नाही म्हटलं, तिले पक्कं समजलं नाही म्हणून नाही म्हटलं. तुह्यासाठीच म्हटलं, बावा... अन् सांजेले रामीबाईले भेटाले येतो आम्ही तिघंबी. काम हाय... म्या काहून नाही वाचला? मले नाही येत ना, भाऊ.

रुपाली : कटला वाटते आवाज. पुन्हा बोला.

अश्वजित : हॅलो. आइकू आलं का? मले नाही येत म्हटलं. इंग्रजी. मले.

विशाखा : बाबा, बाजूच्या घरचे बाहेर येऊन पाहून राहिले.

अश्वजित : पाहू दे... हॅलो. कोण म्हंजे? आवाज नाही वयखला का? विशाखाचा बाप बोलून राह्यलो.