गाडीच्या कानातला बिल्ला

...नाय नाय, तुम्हीच सांगा, मुकुंदवाडीच्या चौकात गाडी पहिल्या गिअरच्या वर जात नाय, पाण्याच्या पाइपासाठी अख्खं शहर खोदून ठिवलंय, पाइप आले, पाणी काय आलं नाय, अन् मला म्हणतेत, स्पोर्ट बाइक हाय, म्हणून विमा महाग! पळवू कुठं? खड्ड्यात? आमचा एजंट शिवशंकर, त्याला इचारलं, "जवान पोरं गाडी उडवतेत म्हणून महाग का?" तर म्हणतो, "वय कोण बघतं भाऊ? इंजिन बघतेत." मंग आमचे घरमालक काकासाहेब, साठीचा माणूस, त्यांनी हीच गाडी घेतली तर? "तेवढाच." अन् गाडी जुनी झाल्यावर? "गाडीची किंमत उतरती, थर्ड पार्टीचा विमा उतरत नाय." मी त्याला म्हणलं, आता ही थर्ड पार्टी कोण? तू अन् मी, दोघंच तर बसलोय हितं! मला कुणी समजून सांगा!

तरी भरला, थर्ड पार्टीचा अन् गाडीच्या नुकसानीचा, दोन्ही. अर्धा पगार गेला, पण भरला, कारण तुम्हाला सांगतो, त्या गाडीत जीव होता माझा! अन् एवढं करून गाडी मेली कुठं? आमच्या गावाला पिशोरात, दारात, उभ्या उभ्या! सुट्टीला गाडीवर गेलो, येताना दोस्ताच्या जीपमधी शहरात परत आलो, गाडी घरी ठिवली, अन् पाण्याचा टँकर रिव्हर्स आला... कडाड्! सारी गल्ली पळत आली हो, हंडे घेऊन... टँकरकडं! गाडीकडं एक माणूस बघंना!

बापाला फोन लावला. "आबा, गाडीला हात लावू नका, विमा हाय!" तर म्हणला, "मला नको शिकवू. आपल्या शेळ्यांचा विमा काय तू काढला व्हता?"

दोन दिवसांनी आबा एसटीनं हजर. काखेत फडकं. सोडलं तर आत... नंबरप्लेट! "अन् गाडी?" "भंगारवाल्याला दिली की. शेळी मेली तर कानातला बिल्ला कापून ठिवायचा, धड पुरायचं. बिल्ला नाय तर पैसे नाय!" आता ह्याला काय म्हणावं? मला कुणी समजून सांगा!

विम्याच्या हापिसात रत्नमाला मॅडम म्हणल्या, "बाबा, गाडी बघितल्याशिवाय क्लेम कसा देऊ?" आबा म्हणला, "अवो बाई, मेलेलं जनावर किती दिस दारात ठिवायचं? वास सुटतोय!" मॅडमनं माझ्याकडं बघितलं. मी पंख्याकडं.

क्लेम नामंजूर! बाहेर आलो, टाळकं सरकलेलं, म्हणलं आज बापाला बोलायचंच. तर आबा प्लेट पुसत हळूच म्हणतो, "लई चिखल व्हता रं अजिनाथ. तांब्याभर पाण्यानं धुऊन आणली. म्हणलं साहेब लोकाला दाखवायचीय." आठ दिवसांनी टँकर येतो हो आमच्या गल्लीत! तोंड धुवायला पाणी मोजून घेतो हा माणूस! आता वरडू कुणावर? मला कुणी समजून... नाय, राहू द्या.

चहा पाजला, एसटीत बसवून दिलं. तर खिडकीतून प्लेट माझ्या हातात देतो अन् बजावतो, "जपून ठिव. हापिसातल्या बाईची बदली झाली की परत येऊ."